यजमानाची अट

मराठी जोडपी आता आयफेल टॉवरसमोर फोटो काढून आणि स्वित्झर्लंडचा बर्फ हाताळून समाधान मानत नाहीत. केनियातल्या मसाई मारात सिंह शोधायचे, रवांडाच्या डोंगरात गोरिलांच्या मागावर चिखल तुडवायचा, व्हिएतनामच्या फुटपाथवर छोट्या स्टुलावर बसून वाफाळतं फो खायचं, बालीतल्या देवळाचा उत्सव मन लावून पाहायचा, अशी हौस वाढली आहे आणि ती चांगली आहे. जंगल, जेवण आणि लोकांची राहणी यांची ओढ असलेला माणूस जगाकडे कुतूहलानं पाहतो. मात्र या तिन्ही गोष्टी कुणाच्या तरी असतात. जेवणामागे कुणाचं तरी घर असतं, उत्सवामागे कुणाचा तरी देव असतो आणि जंगलाच्या कडेला कुणाची तरी गुरं चरत असतात. म्हणून किती देश झाले, सिंह किती जवळून दिसला, यावर अशा प्रवासाचं मोल ठरत नाही. आपण गेलो तिथल्या माणसांच्या हाती स्वतःच्या अटी घालण्याचा, वेळप्रसंगी 'नाही' म्हणण्याचा अधिकार किती शाबूत होता, यावर ते ठरतं. त्याही पुढे जाऊन मी म्हणेन, की हा अधिकार जितका शाबूत, तितका पाहुण्याचा अनुभवही सकस. पाहुण्यानं अटी पाळणं हा केवळ सौजन्याचा भाग नाही. त्याला जे पाहायचं आहे ते खरं दिसण्याचा तोच एक मार्ग आहे.

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतासारख्या गावातून या प्रश्नाकडे पाहिलं की तो लगेच स्पष्ट होतो, कारण जव्हार-मोखाड्याचा हा पट्टा बाहेरच्यांनी येऊन पाहण्याचा विषय झालेला आहे. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी मुंबई-नाशिकच्या गाड्या दाभोशाच्या धबधब्याकडे वळतात. त्याआधी १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जव्हारचं नाव राज्यभर झालं होतं. एक ओळख धबधब्याची, दुसरी कुपोषणाची. दोन्ही बाहेरच्यांनी ठरवलेल्या. इथल्या लोकांना स्वतःविषयी काय दाखवावंसं वाटतं, हे विचारायला थोडेच थांबले. तारप्याचंच पाहा. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, असं हे वाद्य. भात तयार होऊन घरात नवं धान्य येण्याच्या दिवसांत ते घुमू लागतं. वाजवणारा सूर बदलतो तशी हातात हात गुंफलेली माणसांची साखळी पावलं बदलते, वळते, पुन्हा वेटोळं घेते. किती वेळ नाचायचं, हे नाचणारे आणि वाजवणारा मिळून ठरवतात. हाच तारपा भर जूनमध्ये रिसॉर्टच्या हिरवळीवर दहा मिनिटं वाजवून घेतला, तर वाद्य तेच, सूरही तेच. पण पिकाशी असलेला धागा आणि थांबण्याचा हक्क हे दोन्ही गळून पडतात. पाहुण्याला वाटतं, आपण आदिवासी नृत्य पाहिलं. प्रत्यक्षात त्यानं स्वतःच्याच वेळापत्रकाची नक्कल पाहिलेली असते.

जेवणाची गोष्ट याहून वेगळी नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतर रानात शेवळं उगवतात आणि बायका त्यांच्या जुड्या बाजारात आणतात. ती निवडताना आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि शिजवताना काकडं नाहीतर बोंडाऱ्याचा पाला घालावा लागतो. तसं केलं नाही तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणजे त्या भाजीत चवीइतकंच ज्ञान शिजलेलं असतं आणि त्या ज्ञानाला ऋतूची अट असते. डिसेंबरात आलेल्या पाहुण्यानं शेवळं मागितली तर त्याला नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी मिळेल, आणि तेच योग्य आहे. वन्यप्राण्यांबाबतही हेच दिसतं. वारली माणूस वाघोबाला देव मानतो आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा करतो. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या वाघोबाच्या ठाण्यांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी अशी दीडशे ठाणी नोंदवली. बिबट्या आणि माणूस एकाच मुलखात नांदतात तेव्हा हे नातं भीती, नुकसान आणि श्रद्धा या साऱ्यांसकट निभावलं जातं, असं त्यातून दिसलं. इथे बिबट्या हा जीपमधून पाहायचा प्राणी नाही; ज्याच्याशी काही करार आहे असा तो शेजारी आहे. आफ्रिकेच्या गवताळ पठारावरच्या मसाई गुराख्यालाही सिंहाच्या शेजारीच राहावं लागतं.

आता परदेशातले दाखले घेऊ. रवांडात गोरिला पाहण्याचा परवाना २०१७ पासून माणशी दीड हजार डॉलरचा आहे. एका कळपाजवळ एका दिवशी जास्तीत जास्त आठ पाहुणे, आणि तेही एक तासच. सर्दी-खोकला असलेल्याला परत पाठवतात, कारण माणसाचा आजार गोरिलाला मारू शकतो. उद्यानाच्या उत्पन्नाचा दहावा भाग भोवतालच्या गावांसाठी ठेवला जातो. अट कडक, किंमत भारी. परिणाम असा, की एकेकाळी संपत चाललेल्या पर्वतीय गोरिलांची संख्या हजाराच्या पुढे गेली आणि २०१८ मध्ये त्यांचं नाव अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून एक पायरी खाली आलं. मसाई माराभोवती मसाई कुटुंबांनी आपली जमीन एकत्र करून भाड्यानं दिली आहे. तिथे किती गाड्या सोडायच्या, एका सिंहाभोवती किती उभ्या राहू शकतात, याचे नियम आहेत आणि भाडं थेट जमीनमालकांकडे जातं. उलट सीमेपलीकडे टांझानियात १९५९ मध्ये सेरेंगेटीतून मसाईंना हलवलं गेलं. २०२२ च्या जूनमध्ये लोलिओंडोत राखीव वन्यजीव क्षेत्राची हद्द आखताना पोलीस आणि मसाई यांच्यात रक्त सांडलं. गवत तेच, सिंह तोच, पाहुण्यांच्या कॅमेऱ्यात येणारं चित्रही तेच. फरक एवढाच, की एकीकडे त्या चित्राच्या चौकटीबाहेरच्या माणसाला विचारलं गेलं आणि दुसरीकडे त्याला उठवलं गेलं. हा फरक ज्याला ठाऊक नाही त्यानं सिंह पाहिला असेल, पण तो मुलूख पाहिला नाही.

जोडीनं फिरण्याचा इथे खास संबंध आहे. मराठी वाचकाला परदेश पहिल्यांदा आपलासा वाटला तो बऱ्याच अंशी एका जोडप्यामुळे. पु. ल. देशपांडे बीबीसीत दूरचित्रवाणीचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेले, सुनीताबाईंसह फिरले, आणि त्यातून आलेलं 'अपूर्वाई' १९६० साली प्रसिद्ध झालं. जोडप्याला परक्या घराचं दार लवकर उघडतं. एकट्या पुरुषाकडे संशयानं पाहणारी आजी नवरा-बायकोला चुलीपर्यंत नेते. त्याला पुरुष बोलावतात, तिला बायका, आणि संध्याकाळी दोघांनी मिळून एका गावाच्या दोन बाजू पाहिलेल्या असतात. पण हीच जोडी बंद पेटीही होऊ शकते. दोघं आपसात बोलतात, एकमेकांचे फोटो काढतात, घरचा ठेपला आणि लोणचं सोबत असतं, आणि पंधरा दिवसांत तिसऱ्या माणसाशी भावापलीकडे बोलणं होत नाही. जोडी कुठल्या बाजूला झुकेल हे स्वभावावर अवलंबून असतं, तितकंच प्रवासाच्या आखणीवरही. यजमानाच्या अटीनं आखलेला प्रवास ती पेटी उघडतो. वाट पाहावी लागते, विचारावं लागतं, नकार ऐकावा लागतो. म्हणजेच तिसऱ्या माणसाशी संबंध येतो.

याला पहिला आक्षेप असा, की पाहुण्यानं पैसे मोजलेले असतात; मग त्याला अटी कशाला? भूतानच्या बाबतीत हे फार ऐकू येतं. भारतीयांना तिथे पूर्वी असं शुल्क नव्हतं; आता माणशी रात्रीला १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावं लागतं आणि त्याविषयी नाराजी असते. पण पैशानं आपण नेमकं काय विकत घेतो, याचा विचार केला पाहिजे. खोली, गाडी, जेवण आणि वाटाड्याचा वेळ यांचे पैसे आपण देतो. मठातली शांतता, रानातली स्वच्छता, देवाच्या मिरवणुकीतलं गांभीर्य या गोष्टींचं बिल कुणी देत नाही आणि देऊही शकत नाही. त्या गावानं पिढ्यान्पिढ्या राखल्या म्हणून मिळतात. दूध विकणारा गाय विकत नसतो. पाहुण्यानं घेतलं ते दूध, गायीवर त्याचा हक्क लागत नाही. १२०० रुपये जड वाटत असतील तर दोन रात्री कमी राहावं. पण अट घालणंच अन्याय आहे, असं म्हणायला आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाहुणा आला नाही तर कला मरतात. आणि गावानं जुन्याच रीतीनं जगावं असं सांगणारे तुम्ही कोण? यातला पहिला भाग मला अर्धा मान्य आहे. बाहेरच्या मागणीनं वारली चित्रकला जगभर गेली, त्यातून शेकडो घरांत पैसा आला. पण कशी गेली ते पाहू. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्नाच्या चौकाच्या परंपरेतून बाहेर पडून रोज चित्रं काढू लागले, आणि पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जपानच्या निइगाता प्रांतातल्या मिथिला म्युझियमनं वारली चित्रकारांना बोलावलं, राहायला जागा दिली आणि सवडीनं काम करू दिलं. तिथे चित्रकार पाहुणा होता, पण विषय त्याचा, रेषा त्याची, वेळही त्याचाच. त्याच चित्रांच्या नकला कारखान्यात पडद्यांवर आणि कपांवर छापल्या जातात तेव्हा पाड्याला दमडी मिळत नाही. दोन्ही ठिकाणी बाजारच आहे. वेगळा आहे तो अधिकार. म्हणून गावानं बदलू नये असं माझं म्हणणं नाही. मोखाड्याच्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवात उद्या सोंगांवर विजेचे दिवे लागले, मुलींनी सोंगं नाचवली, तिकीट लावलं, तरी हरकत नाही. तो निर्णय बोहाडा भरवणाऱ्या गावानं घेतलेला असावा, एवढंच. बदल ठरवण्याचा हक्क हाही यजमानाच्या अधिकाराचाच भाग आहे.

तिसरा आक्षेप साखरशेतातूनच उठू शकतो आणि तो सगळ्यात बोचरा आहे. इथली जोडपीही दरवर्षी प्रवास करतात. दिवाळी झाली की घराला कडी लावून, मुलं कडेवर घेऊन ती भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला जातात. त्यांच्या शेजारी बसून परदेशी सहलींची चर्चा करणं अशोभनीय नाही का? विषमता डोळ्यांत खुपणारी आहे आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण मौजेनं फिरणं हा श्रीमंतांचाच हक्क मानून सोडून देणं हा त्यावर उपाय नाही. कोचीत चहाचं छोटं दुकान चालवणारे के. आर. विजयन आणि मोहना यांनी रोजच्या गल्ल्यातून पैसे बाजूला टाकून, कर्ज काढून आणि ते फेडून पंचवीसहून अधिक देश पाहिले. जग पाहण्याची भूक सगळ्यांना असते. भट्टीवर जाणाऱ्या जोडप्याचा प्रवास क्लेशाचा होतो, कारण उचल घेतल्यामुळे अट दुसऱ्याची असते. कधी निघायचं, कुठे राहायचं, किती विटा पाडायच्या, सगळं मालक ठरवतो. म्हणजे फिरणाऱ्याच्या आणि राहणाऱ्याच्या बाबतीत प्रश्न एकच आहे: स्वतःच्या जगण्याच्या अटी ठरवण्याची मोकळीक किती. जो पाहुणा केनियातल्या मसाईची ही मोकळीक ओळखतो, त्यानं आपल्या इमारतीच्या विटा पाडणाऱ्याचीही ओळखली पाहिजे.

या विचाराला कृतीची जोड देणं अवघड नाही. सहल ठरवताना दराबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात: ही जमीन कुणाची आहे आणि तिचं भाडं कुणाला मिळतं, हा नाच, ही पूजा आम्ही आलो नसतो तरी आज झाली असती का, आणि इथे कुठल्या जागी, कुठल्या वेळी आम्हाला मज्जाव आहे. मज्जाव कुठेच नसेल तर सावध व्हावं, कारण जिथे सगळंच खुलं आहे तिथे कुणाचा तरी नकार आधीच दाबला गेलेला असण्याची शक्यता मोठी. आणि परदेशात शिकलेली ही शिस्त घरीही वापरावी. जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला आपली संस्कृती आणि सामूहिक संसाधनं राखण्याचा अधिकार देतो, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ पासून लागू आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगल सांभाळण्याचा हक्कही मान्य केला आहे. उद्या इथल्या ग्रामसभेनं ओढ्यावर दारू नको, पाड्यात विचारल्याशिवाय फोटो नको, गाडीमागे अमुक शुल्क, असे ठराव केले, तर रवांडात एक तास संपताच निमूटपणे मागे फिरलेल्या जोडप्यानं तेही तितक्याच आदरानं पाळावेत. दीड हजार डॉलर देऊन पाळलेली शिस्त पन्नास रुपयांच्या पावतीवर टिकली, तर त्या प्रवासानं माणसाला काही शिकवलं असं म्हणता येईल.