आधी गार पाणी

महाडजवळ सावित्रीकाठी सव इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. अम्मी लहानपणापासून तिथे जायची. त्यामुळे गरम पाणी म्हणजे औषध, हे तिच्या मनात पक्कं होतं, आणि माझ्याही.

दोन हिवाळ्यांपूर्वी पोलादपूरच्या घरी फजरच्या वेळी तिने गीझरचा नळ सोडला. पाइपात रात्रभर साचलेलं गार पाणी आधी आलं. त्यात हात, तोंड धुऊन झालं. वुजूमध्ये पाय शेवटी. तोवर पाणी कढत झालं होतं आणि ती स्टुलावर बसून पाय नळाखाली धरून होती. मुसल्ला उचलताना मला तिच्या पावलांवरचे फोड दिसले.

"अम्मी, ओरडली का नाहीस?"

"मला कळलंच नाही गं."

जुन्या मधुमेहाने पावलं बधिर झालेली. आणि गीझर शेवटच्या आकड्यावर मीच फिरवून ठेवला होता. पन्नास अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजायला साधारण पाच मिनिटं लागतात, साठला जेमतेम पाच सेकंद. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना त्याहून कमी.

घाबरून मी गीझर चाळीसवर आणला. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी अडवलं. लिजिओनेला नावाचे जंतू साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. शॉवरच्या तुषारांतून ते श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांपैकी काही जण याच जंतूंनी दगावले; त्यांच्या 'अमेरिकन लिजन' संघटनेवरूनच जंतूला नाव पडलं. धोका जास्त कोणाला? वयस्कांना, मधुमेहींना. म्हणजे पुन्हा अम्मीलाच.

म्हणून टाकीत पाणी साठ अंशांवर ठेवायचं आणि नळाशी गार पाणी मिसळून घ्यायचं. मशिदीत, वसतिगृहात, लॉजवर मोठी टाकी असेल तर ठरावीक तापमानापुढचं पाणी न सोडणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह नळाआधी बसवून घ्यावा. कमिटीच्या पुढच्या बैठकीत एवढा विषय काढाच. भाजलंच, तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी; बर्फ, हळद, टूथपेस्ट नको. फोड आले तर लगेच डॉक्टर.

अम्मीच्या जखमा भरायला तीन महिने लागले. आता आमच्या बादलीत आधी गार पाणी पडतं, मग गरम. त्यात माझं कोपर बुडतं आणि त्यानंतरच अम्मीच्या हातात लोटा जातो.