कडुलिंबाची वाळकी फांदी



पाडवा जवळ आला की आपल्या हुमनाबादेत दोन्ही भाषांतल्या घरांना एकच झाड आठवते. आपल्याकडे कडुलिंबाचा कोवळा पाला आणि गूळ, शेजारच्या कन्नड घरी युगादीचे बेवु-बेल्ला. शाळेमागच्या कडुलिंबाचा पाला मी वीसेक वर्षे पाडव्याला घरी नेत आलो. पण त्या झाडाकडे नीट पाहिले ते गेल्या वर्षी, आणि तेही माझ्या हातून चूक घडल्यावर.

झाडाची एक फांदी वाळली होती. वाऱ्यात कुणा मुलाच्या डोक्यावर पडेल म्हणून फाल्गुनातल्या एका रविवारी मी ती तोडायला लावली. सोमवारी सातवीतली एक मुलगी कुंपणापाशी पडलेल्या फांदीजवळ उभी होती. म्हणाली, "सर, हे तांबटाचं घर होतं." फांदीच्या खालच्या अंगाला नाण्याहून मोठे, बांगडीहून लहान असे गोल भोक. आत लाकडाच्या भुशावर तीन पांढरी अंडी, तिन्ही फुटलेली.

तिने पंधरा दिवस ते काम वर्गातून पाहिले होते. याच खिडकीकडे पाहते म्हणून मी तिला दोनदा रागावलो होतो.

तांबटाचा 'टुक-टुक-टुक' आवाज आपण सर्वांनी ऐकलेला आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा तो भर उन्हात चालतो, म्हणून हे नाव. पक्षी चिमणीहून जरासा मोठा, अंगाने हिरवा, कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा. पानांत सहज दिसत नाही. वड, पिंपळ, उंबराची फळे खातो. चोच जाड असली तरी ओल्या, टणक लाकडात त्याला पोकळी कोरणे जमत नाही. त्याला वाळलेली, मऊ झालेली फांदीच लागते. म्हणजे आपण जिला निकामी समजतो तीच त्याच्या उपयोगाची. त्याने सोडलेल्या पोकळीत पुढे दुसरे पक्षीही संसार थाटतात.

त्यानंतर वर्गाने एक वही केली. तिच्यात बांधावरचा फुललेला पळस आला, विणीच्या दिवसांत डोके तांबडे झालेला सरडा आला (दगड न मारता पाहिलेला, हे मुद्दाम लिहिले आहे). भोरड्यांवरून मात्र वाद झाला. एका शेतकरी पालकांच्या मते त्या ज्वारीच्या चोर. ते खोटे नाही. पण त्या नाकतोडे-टोळही फस्त करतात, पळसाच्या फुलांतला मध पितात आणि एप्रिलमध्ये थेट मध्य आशियाकडे निघून जातात. वहीत दोन्ही बाजू लिहिल्या.

असे टिपण आपल्या भागाला नवे नाही. हुमनाबाद हैदराबाद संस्थानात होते तेव्हा, १९३१-३२ साली, डॉ. सलीम अलींनी त्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. तिचा वृत्तान्त बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. मागच्या भिंतीलगतच्या शिरीषाचीही एक फांदी वाळली आहे. तिच्याखालून कुणाची ये-जा नाही. ती राहू द्यावी. ज्या फांद्या खरोखर धोक्याच्या असतील त्या दिवाळीच्या सुट्टीत तोडाव्यात, माघापासून पावसाळ्यापर्यंत झाडांना कुऱ्हाड लावू नये. तोडण्याआधी खालून एकदा भोक आहे का ते पाहावे. मी पाहिले नव्हते.

शिरीषाच्या त्या फांदीखाली सोमवारपासून भुसा पडतो आहे. मधल्या सुट्टीत पाहायला या. पण एका वेळी तिघा-चौघांनीच, आणि भिंतीपासून लांब उभे राहून.