बिनकण्याची मंडळी

पाठीला कणा नसलेल्या प्राण्यांविषयी मला पूर्वीपासूनच आपुलकी आहे. तीस वर्षं ऑफिसात काढली की ती आपोआप येते. पण राग आणि व्यसन मेंदूत कसं मुरतं, हे शास्त्रज्ञ याच मंडळींकडून शिकतात, असं कळल्यावर आदरही वाटू लागला. आपला मेंदू म्हणजे संध्याकाळचं दादर स्टेशन. कोण कुणाला काय म्हणालं, पत्ता लागत नाही. यांचा कारभार थोडक्या आणि ओळखू येणाऱ्या पेशींत चालतो. सेरोटोनिन, डोपामिन ही रसायनं मात्र तीच, आपल्याच डोक्यातली.

हार्वर्डच्या एडवर्ड क्रॅव्हिट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८० साली लॉब्स्टरचा, म्हणजे आपल्या शेवंडीच्या नांगीवाल्या अमेरिकन चुलतभावाचा, एक प्रयोग प्रसिद्ध केला. सेरोटोनिन टोचल्याबरोबर गडी पाय ताठ करून, नांग्या उघडून उभा. हुबेहूब सोसायटीचा चेअरमन! ऑक्टोपामिन टोचलेला मात्र पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या भाडेकरूसारखा सपाट.

ओहायोत रॉबर्ट ह्यूबर यांच्या प्रयोगशाळेने क्रेफिश हा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊ घेतला. जिथे कोकेन मिळालं त्याच जागेकडे स्वारी पुन्हा वळते, हे २००४ साली दिसलं. आपण ज्याला अड्डा म्हणतो तो हाच.

आणि पिकल्या केळ्यावरची चिलटं? सॅन फ्रान्सिस्कोतल्या २०१२ सालच्या प्रयोगात माद्यांनी वारंवार झिडकारलेले नर साधं अन्न सोडून दारू घातलेल्या अन्नाकडे जास्त वळले. त्यांच्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड एफ कमी झालं होतं. त्याचा जोर वाढवला, तशी दारूची ओढ उतरली.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ रोज संध्याकाळी 'तिकडे' वळतात. "मनावर घेतलं तर काय कठीण आहे हो?" असं अख्खी बिल्डिंग म्हणते. वहिनी उपास करतात आणि आपलंच काहीतरी चुकलं असावं म्हणून खालमानेने जिना चढतात. त्यांना सांगावंसं वाटतं, वहिनी, जी ओढ चिलटालासुद्धा लागते, तिचा दोष तुमच्या संसाराला कशाला? हा आजार आहे. डॉक्टर गाठू या, मी येतो बरोबर.

शास्त्रज्ञांनी चिलटांच्या मेंदूतलं रसायन तरी वाढवलं. आम्ही शेजाऱ्यांनी आजवर नुसते सल्लेच वाढले.