किल्लीचं घड्याळ

खराडीतल्या एका कंपनीत मी सर्व्हर चालते ठेवण्याचं काम करते. त्यात त्या सर्व्हरांची घड्याळं एकमेकांशी जुळती ठेवणंही आलंच. दोन यंत्रांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडला, तर पैसे आधी जमा झाले की आधी काढले गेले, याची नोंद उलटी दिसू शकते. म्हणून ही यंत्रं दिवसरात्र वरच्या यंत्राला वेळ विचारतात, ते त्याच्या वरच्याला, आणि ही विचारणा शेवटी अणुघड्याळापर्यंत जाते. माझ्या मनगटावर मात्र बाबांचं एचएमटी ‘जनता’ आहे. ते कुणाला काही विचारत नाही. दिवसाला पाऊण मिनिट पुढं जातं, आणि रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी त्याला किल्ली देते.

नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा मला म्हणाला, “मॅम, एका चार्जिंगमध्ये किती चालतं?” म्हटलं, दीड दिवस. तो जरा गप्प झाला. त्याचं स्मार्टवॉच रोज रात्री चार्जरला लागतं.

अचूक वेळेचं मला कौतुक आहे, पण तिचा धाक आता उरलेला नाही. पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळाइतकं नियमित नाही, म्हणून जगाच्या वेळेत अधूनमधून एक सेकंद जादा घालतात. तसा तो ३० जून २०१२ ला घातला. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट होती, साडेपाचची. त्या एका सेकंदानं जगभरातले कितीतरी लिनक्स सर्व्हर लटकले. उपाय काय, तर पुष्कळ ठिकाणी नुसती तारीख-वेळ पुन्हा भरली की ते सुटत. म्हणजे आमच्या इतक्या शहाण्या यंत्रांनाही किल्लीच द्यावी लागली! हा जादा सेकंद २०३५ पर्यंत बंद करायचा, असं २०२२ मध्ये ठरलं आहे.

‘जनता’च्या पोटात सेकंदाला पाच ठोके पडतात, तासाला १८,०००. साध्या सेलच्या घड्याळातला क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तेव्हा अचूकपणात ही स्पर्धाच नाही. मला आवडतं ते वेगळंच. हे घड्याळ बिघडलं, तर का बिघडलं ते समजून घेता येतं.

मध्यंतरी ते अचानक धावायला लागलं. रोज पाच-सहा मिनिटं पुढं. रविवार पेठेत एक घड्याळजी आहेत, जिना चढून जावं लागतं. त्यांनी झाकण उघडलंसुद्धा नाही. खणातून एक छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळ त्याच्याजवळ नेलं. सुई गर्रकन फिरली.

“ताई, लॅपटॉपजवळ असतं का हे?”

असतंच. झाकण मिटलंय की उघडं, हे लॅपटॉपला कळावं म्हणून त्यात लोहचुंबक बसवलेलं असतं. टॅबलेटच्या कव्हरमध्ये असतं, स्पीकरमध्ये तर असतंच. घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग अशा चुंबकानं भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते, चक्राचा झोका अपुरा पडतो आणि घड्याळ पळत सुटतं. घड्याळजींनी ते एका विजेच्या यंत्रावर धरलं, बटण दाबलं, हळूहळू लांब नेलं. झालं. बिघाड, त्याचं कारण आणि त्यावरचा इलाज, तिन्ही मला डोळ्यांनी दिसले. माझ्या धंद्यात हे सुख फार दुर्मिळ. तिथं बिघाड सापडायला रात्र जाते, आणि सकाळी तो आपोआप गेलेला असतो.

आमच्या घरात अशा जुन्या वस्तू आणखीही आहेत. विळी आहे. पाय पाटावर दाबून बसलं की दोन्ही हात मोकळे राहतात. मेथी चिरायला आणि तिच्याच टोकाच्या खवणीवर नारळ खवायला मला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही सापडलेलं नाही. भिंतीवर ‘कालनिर्णय’ आहे. जयंत साळगावकरांनी १९७३ मध्ये ते सुरू केलं. त्यावर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी असं सगळं पेन्सिलीनं मांडलेलं असतं. आईपासून मावशींपर्यंत कुणीही त्यात नोंद करावी, पासवर्ड लागत नाही. मी फोनमध्ये तशी सोय करून दिली होती. आठवडाभर सगळ्यांनी माझा मान राखला.

पण पाटा-वरवंटा मी गॅलरीत नेऊन ठेवला, आणि तिथंच राहू देणार आहे. पाट्यावरच्या वाटणाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी वाटायला बसलेले फारच थोडे असतात. आईचे खांदे त्यात गेले. मिक्सर आला तेव्हा ती जितकी खूश होती, तितकी मी तिला क्वचितच पाहिली. जुनं आहे म्हणून कुठलीही वस्तू मी सांभाळत नाही. काम नीट करत असेल आणि बिघडल्यावर गावातल्या गावात दुरुस्त होत असेल, तर ती राहते.

ही दुसरी अट आता अवघड होत चाललीय. सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला होता. ही घड्याळकंपनी बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं जानेवारी २०१६ मध्ये घेतला. आमचे घड्याळजी आता सुटे भाग मेलेल्या घड्याळांतून काढतात. त्यांच्याकडं शिकायला कुणी येत नाही. तेव्हा तुमच्या कपाटात वडिलांचं किंवा आजोबांचं असं घड्याळ पडून असेल, तर नुसती किल्ली देऊन ते चालवायला जाऊ नका. वर्षानुवर्षं पडून आतलं तेल घट्ट झालेलं असतं, चाकं झिजतात. आधी ते उघडून, धुऊन, तेल घालून घ्या. हे काम जाणणारा माणूस तुमच्या गावात अजून आहे तोवर.