सतरा इंच की बारा?

नवख्या माणसाची नजर संगिनीच्या टोकाकडे जाते. जाणकार आधी मुठीलगतचा बिनधारेचा सपाट भाग पाहतात. कारखान्याने आणि फौजेने तिथे आपापले शिक्के ठोकलेले असतात. आजोळच्या लाकडी पेटीतून निघालेल्या संगिनीचा हा भाग मी भिंगाखाली धरला, तेव्हा मुकुट दिसला. त्याखाली जी आर ही अक्षरे, मग १९०७, त्याखाली ८ आणि १७, शेवटी विल्किन्सन. उलट बाजूला बाण, फुली, इवलेसे मुकुट आणि त्यांना चिकटलेले आकडे. एकाच पात्यावर दोन साले, आणि बाकीच्या खुणांचा तर काहीच बोध होईना.

पुण्यात आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. बरीच वर्षे जुन्या संगिनींचा अभ्यास करतात. पेटीतल्या संगिनीचे फोटो घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

“१९०७ हे नमुन्याचं साल,” काका म्हणाले. “ही घडवली ऑगस्ट १९१७मध्ये. ८ म्हणजे आठवा महिना.”

मग त्या नमुन्यामागचे कारण त्यांनी सांगितले. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखूड नळीची ली-एनफील्ड रायफल काढली. रायफल आखूड झाली तशी संगीन लावून होणारी तिची पोचही घटली. समोरच्याची रायफल लांब असेल तर आपला शिपाई उणा पडणार, ही धास्ती होती. म्हणून जपानच्या अरिसाका रायफलीच्या संगिनीवरून १९०७चा नमुना बेतला आणि आधीचे बारा इंची पाते सतरा इंचांचे झाले. पात्यावरची लांब खोबण रक्त वाहून जावे म्हणून असते, असे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यात तथ्य नाही. खोबणीमुळे पात्याचे वजन घटते आणि ताठपणा टिकतो, एवढेच तिचे काम.

उलट बाजूचा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. फुली म्हणजे पाते वाकवून पाहिले आणि ते पुन्हा सरळ झाले. छोटे मुकुट आणि आकडे तपासनिसांचे. मुठीच्या टोकाला आरपार भोक आहे, ते रायफलीत बसणाऱ्या खाचेतला मळ आणि वंगण बाहेर पडावे म्हणून. ही सुधारणा १९१६ची. त्याआधीच्या कित्येक संगिनींना ते नंतर पाडले गेले, त्यामुळे नुसत्या भोकावरून वय ठरवता येत नाही. हे सगळे मी वहीत उतरवून घेत होते आणि प्रत्येक नियमाला जोडून एक अपवाद लिहावा लागत होता.

खरी अडचण पुढेच होती. काकांनी मोजपट्टी दिली आणि घरी गेल्यावर पाते मोजायला सांगितले. बारा इंच भरले. सतरा हवे होते.

फोनवर त्यांनी विचारले, “खोबण कुठं संपते?”

“जवळजवळ टोकापर्यंत जाते.”

“मग कापलेली आहे. मूळ पात्यात खोबण टोकाच्या बरीच अलीकडे थांबते.”

दुसऱ्या महायुद्धापर्यंत एवढ्या लांब पात्याची गरज उरली नव्हती. ब्रिटनने नव्या रायफलीसाठी आठ इंची, सळईसारखी संगीन काढली. भारतात हाताशी असलेली जुनी सतरा इंची पाती कापून, नवे टोक काढून बारा इंचांवर आणली गेली. कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात आखूड संगिनी नव्यानेही घडत होत्या.

आता आमच्या घरातल्या कथेकडे येते. पणजोबा मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात लढले, कुतच्या वेढ्यात सापडले आणि ही संगीन त्यांनी तिथून आणली, असे आजोळी तीन पिढ्या सांगतात. कुतमध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, हे इतिहासात नोंदलेले आहे. पण कुत पडले २९ एप्रिल १९१६ रोजी आणि हे पाते घडले ऑगस्ट १९१७मध्ये. शिवाय ते कापले गेले, याचा अर्थ पुढची कित्येक वर्षे ते सरकारी शस्त्रागारातच होते. पणजोबांच्या पेटीत असते तर त्याला कुणी हात लावला असता?

आईला हे सांगताना मला जड गेले. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, “तुझे थोरले आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंही दुसऱ्या लढाईत होते. त्यांचं कुणी विचारतच नाही.” पणजोबांचे कुत कुणी नाकारत नाही. पेटीतले लोखंड मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी हातून घरात आले असणार.

कापलेल्या पात्यांना बाजारात भाव कमी. अखंड सतरा इंची, त्यातही मुठीजवळच्या आडव्या दांडीला वळलेला आकडा, म्हणजे हुक, असलेली मिळाली तर संग्राहक जीव टाकतात. मला हे पटत नाही. अखंड संगीन तिच्या कारखान्याविषयी बोलते. कापलेली संगीन दोन महायुद्धांविषयी बोलते, आणि त्यातला दुसरा अर्धा भाग इथला आहे. तो इथल्या शस्त्रागाराच्या आणि इथल्या कारागिरांच्या हातचा आहे. आपल्याकडच्या संग्रहात अशा पात्यांना पहिला मान हवा.

काकांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. पॉलिश पेपर लावायचा नाही. शिक्के उथळ असतात, चकाकी आणायच्या नादात पुसले जातात. मऊ कापड आणि हलके तेल पुरे. आणि पाते चामड्याच्या म्यानात घालून ठेवायचे नाही, चामडे ओल धरते. दोन्ही शेजारी शेजारी ठेवावीत.

तिसरी गोष्ट कायद्याची. शस्त्र कायद्याच्या नियमांत संगिनीचा नावानिशी उल्लेख आहे आणि नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारे त्या वर्गात मोडतात. परवाना लागतो की नाही, हे तुमच्या भागात कोणती अधिसूचना लागू आहे त्यावर ठरते. वस्तू शंभर वर्षांची आहे, वारशाने आली आहे, एवढे म्हणून भागत नाही. आम्ही पोलीस ठाण्यात मोजमापे आणि फोटो जोडून लेखी अर्ज दिला. विकत घेणाऱ्याने तर पैसे मोजण्याआधीच ही चौकशी करावी.

परवाच्या रविवारी मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले होते. घ्यायचे काही नव्हते, नजर तयार करायची होती. पितळी कुलुपे आणि घड्याळांच्या पसाऱ्यात एक आकड्याची संगीन दिसली. विक्रेता म्हणाला, “ताई, असली हुकवाली कुठं मिळायची नाही.” मी मुठीलगतचा भाग उजेडाकडे वळवला. नमुना १९०७, घडण १९१८. आकडा ब्रिटिशांनी १९१३मध्येच बंद केला होता. दांडीच्या टोकाला नीट पाहिले तर जोड दिसत होता, तिथला धातू बाकीच्या दांडीहून वेगळ्या रंगाचा होता. मी त्याचे आभार मानले आणि संगीन परत ठेवली.

आईने आता थोरल्या आजोबांचे फौजेतून सुटल्याचे कागद आणि पेन्शनचे पुस्तक शोधायला काढले आहे. त्यांच्या पलटणीचे नाव कळले की म्यानावरच्या पुसट आकड्यांशी ते ताडून पाहायचे, असे काकांनी सांगितले आहे.