धरून ठेवणारा ब्रेक

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाटात बंद पडलेल्या गाडीच्या चाकामागे दगड लावलेला असतोच. गाडी नीट होऊन निघून जाते, दगड मात्र रस्त्यातच राहतो आणि रात्री एखाद्या मोटारसायकलवाल्याला आडवा येतो. मला त्या दगडाचा राग आहे. हँडब्रेकवर आपला भरवसा नाही, कारण तो कुणी उघडून बघतच नाही.

माझ्या जुन्या होंडा सीआर-व्हीला मागे डिस्क आहेत, आणि प्रत्येक डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागात एक छोटा ड्रम दडलेला आहे. पायाचा ब्रेक बाहेरून डिस्कला चिमटतो, हँडब्रेकचे शू आतून ड्रमला दाबतात. म्हणून डिस्क बदलायची वेळ आली की शू आपोआप समोर येतात. ही संधी सोडू नये.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे, कारण या कामात हँडब्रेक सोडलेलाच ठेवावा लागतो. जॅकने उचललेली गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली हातही घालायचा नाही. कॅलिपर तारेने वर बांधायचा. रबरी पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही. डिस्क धरणारे दोन स्क्रू गंजून चिकटलेले असतात. साध्या पेचकसाने झटापट केली तर त्यांची डोकी झिजतात, म्हणून हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरच घ्यावा. तरीही डिस्क हलली नाही, तर तिच्यातच आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत आठ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ती सुटते. त्याआधी शू ड्रमच्या जवळ-लांब करणारं आतलं दातेरी चाक सैल करायचं, नाहीतर ड्रमच्या झिजलेल्या कडेत शू अडकतात.

जुने शू हातात घेतले की कळतं, लायनर फारसं झिजलेलंच नाही. झिजणार कसं? ते फिरत्या चाकाला थांबवत नाहीत, थांबलेल्याला धरून ठेवतात. त्यांना मारते ती धूळ, ओल आणि न वापरणं. लायनर पत्र्यापासून सुटतं, केबल आपल्या नळीत जाम होते. गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक न ओढणारे त्याला वाचवत नाहीत, संपवतात.

आतली भुकटी फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगांची जागा विसरली तर दुसरं चाक नमुन्याला असतं. शू जिथे मागच्या पत्र्यावर सरकतात तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पुसट हात द्यायचा, लायनरला थेंबही लागू न देता. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेलही क्लीनरनेच पुसायचं, आतल्या ड्रमसकट.

मग डिस्क नटांनी घट्ट बसवून दातेरी चाक डिस्क अडेपर्यंत फिरवायचं, आणि ती घासल्याशिवाय फिरेल इतकंच मागे घ्यायचं. सगळं जोडून झालं की गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबायचं. कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिलं पेडल रिकामं जातं.

युरोपीय नियम सांगतो की भरलेली मोटार हँडब्रेकवर २० टक्के उतारावर उभी राहिली पाहिजे. म्हणजे शंभर फुटांना वीस फूट. घाटातल्या मोठ्या रस्त्याला एवढा चढ सहसा नसतो. मग दगड कशाला?

नवे शू रुळले की हँडब्रेकचा लिव्हर ओढताना वाजणारा एखादा टिचका वाढतो. महिन्याभराने टिचके मोजावेत, आणि वाढले असतील तर आधी दातेरी चाक फिरवावं. केबलला हात नंतर.