शटर जड झाले, की आपण थकलो?

खांदा किंवा कंबर दुखते म्हणून आलेल्या ज्येष्ठ रुग्णाला मी एक प्रश्न हमखास विचारतो : "आपल्याकडे शटर आहे का?" रुग्ण आणि सोबत आलेला मुलगा किंवा सून क्षणभर बुचकळ्यात पडतात. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी या प्रश्नाला अर्थ आहे. बंगल्याच्या तळमजल्यावरील मोटारीची खोली असो, घराच्या पुढच्या बाजूस काढलेले छोटे दुकान असो, त्याला बहुधा गुंडाळले जाणारे लोखंडी शटर असते. ते दिवसातून निदान दोनदा वर-खाली होते आणि अनेक घरांत हे काम वडीलधाऱ्यांकडेच असते, कारण सकाळी सर्वांत आधी तेच उठतात. माझ्या दवाखान्यालाही असेच शटर आहे. त्यामुळे हा विषय मला रोज सकाळी भेटतो.

एक्काहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक उजवा खांदा धरून आले होते. हात वर नेताना कळ येत होती. "पूर्वी शटर एका हाताने उचलत असे, आता दोन्ही हात लागतात. वय झाले, दुसरे काय!" असे ते म्हणाले. मी त्यांच्या मुलाला विचारले, "तुम्ही उचलून पाहिले आहे का?" त्याने पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पस्तिशीच्या त्या तरुणालाही पाय रोवून दोन्ही हातांनी जोर लावावा लागला होता. कारागिराने स्प्रिंगांचा ताण पुन्हा बसवला, चॅनेल साफ केले आणि गुरुजींचा खांदा औषध व व्यायामाने महिन्या-दीड महिन्यात पूर्ववत झाला. शटर दुरुस्त झाले नसते, तर माझ्या औषधाचा उपयोग किती झाला असता, याची मला शंकाच आहे.

शटरची रचना समजून घेतली की हे लक्षात येते. वरच्या पेटीत एक आडवा लोखंडी नळ असतो आणि त्यावर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली येताना त्या गुंडाळल्या जाऊन ताणल्या जातात आणि वर नेताना तोच साठलेला ताण आपल्या हाताला साहाय्य करतो. म्हणजे शटरचे बहुतेक वजन स्प्रिंगा पेलतात. आपण केवळ चालना देतो. वर्षे लोटली की स्प्रिंगा सैल पडतात, बाजूच्या चॅनेलमध्ये धूळ आणि जुने ग्रीस साचून घट्ट थर बनतो, एखादी पट्टी वाकते. वजन हळूहळू आपल्या हातावर येऊ लागते. हा बदल इतका संथ असतो की, माणूस शटरला दोष न देता स्वतःच्या वयाला देतो. ज्येष्ठांच्या अनेक तक्रारींचे असेच होते. 'वय झाले' म्हटले की पुढचा शोध थांबतो.

म्हणून माझी पहिली सूचना कुटुंबातील तरुणांना आहे. महिन्यातून एकदा शटर स्वतः उचलून पाहावे. ते कमरेइतक्या उंचीवर आणून, पाय आणि बोटे दूर ठेवून, हाताची पकड हलकेच सैल करावी. समतोल नीट असेल, तर ते बहुधा तेथेच राहते. धाडकन खाली येऊ लागले तर स्प्रिंगा सैल आहेत. आपोआप वर झेपावले तर ताण अधिक आहे. दोन्ही परिस्थितींत कारागिरास बोलवावे. स्प्रिंगेची पेटी घरी उघडू नये. तिच्यात साठलेला ताण एकाएकी सुटला, तर हाताचे हाड मोडू शकते.

घरी करण्याजोगी कामे साधी आहेत. दोन्ही बाजूंची चॅनेले कोरड्या ब्रशने झाडावीत, जुने ग्रीस फडक्याने पुसावे आणि पातळ तेलाचा किंवा सिलिकॉन स्प्रेचा हलका हात द्यावा. चॅनेलमध्ये दाट ग्रीस भरू नये. त्यावर धूळ चिकटते. कोकणात खाऱ्या हवेमुळे खालची पट्टी सर्वांत आधी गंजते. तेथे गंज खरवडून रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग द्यावा. मुठी व कुलपाची पट्टी घट्ट आहे का, हे पाहावे. स्टुलावर चढून करायचे कोणतेही काम ज्येष्ठांनी करू नये.

शटर निर्दोष असूनही जड वाटत असेल, तर मात्र तपासणी माणसाची करावी लागते. साठीच्या एका किराणा दुकानदारांनी शटर नुकतेच दुरुस्त करून घेतले होते. तरी सकाळी ते उचलताना छातीच्या मध्यभागी दाब येई, तो जबड्यापर्यंत जाई आणि दोन मिनिटे बसले की ओसरे. त्यांना ते पित्त वाटत होते. दवाखान्यातला ईसीजी ठीक होता. पण विश्रांतीच्या वेळचा ईसीजी ठीक असला म्हणजे हृदय निर्दोष, असे नव्हे. त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. पुढील तपासण्यांत मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा आढळला आणि वेळेत उपचार झाले. श्रमाने येणारी आणि विश्रांतीने जाणारी छातीतील वेदना हा हृदयाचा इशारा असतो. असे घडल्यास शटरवाल्याला नव्हे, आधी डॉक्टरांना फोन करावा. बसूनही वेदना थांबत नसेल, घाम फुटत असेल, तर १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

उचलण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. शटरच्या अगदी जवळ उभे राहावे, गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी आणि दोन्ही हातांनी उचलावे. कमरेतून वाकून झटका देणे सर्वांत वाईट. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांत अशा एका झटक्यानेही मणका दबू शकतो. श्वास रोखू नये. रोखल्यास रक्तदाब एकदम चढतो. खाली ओढण्यासाठी उडी मारून किंवा टाचा उंचावून हात पोहोचवू नये. आकडीची काठी वापरावी. बायपास, हर्निया किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, पेसमेकर बसवला असेल, तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत शटरला हात लावू नये. दार रुंद आणि जड असेल, तर साखळीचे गिअर किंवा मोटर बसवण्याचा खर्च योग्यच ठरतो. मात्र वीज गेल्यावर हाताने उघडण्याची सोय आहे ना, हे पाहून घ्यावे.

बोट पट्ट्यांत चेमटले, तर बोटातली अंगठी ताबडतोब काढावी. सूज आल्यावर ती कापावी लागते. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, तर मातीत असतात. पण गंजक्या कडेवर माती असतेच. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले हे आठवत नसेल, तर विलंब न करता ते घ्यावे.

या अंकाचे काही वाचक अमेरिकेतील मुलांकडे सहा महिने राहायला जातात. तेथे गॅरेजचे दार मोटरीने चालते आणि नातवंडे त्याच्याभोवती खेळतात. मुले अशा दाराखाली सापडून दगावल्यानंतर तेथे कायदा झाला आणि १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांत अडथळा आल्यास दार उलट फिरण्याची सोय सक्तीची झाली. दाराच्या दोन्ही बाजूंस जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेले डोळे पुसून स्वच्छ ठेवावेत. महिन्यातून एकदा मुलाने किंवा सुनेने दीड इंच जाडीची फळी दाराखाली ठेवून दार परतते का, हे पाहावे. दाराच्या स्प्रिंगा साधारणपणे दहा हजार वेळा उघड-मीट सोसतील अशा बनवलेल्या असतात. दिवसाला चार वेळा दार वापरले, तर ती सातएक वर्षे होतात. मोठा आवाज होऊन दार एकाएकी जड झाले, तर स्प्रिंग तुटली असे समजावे आणि दाराला हात लावू नये. आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे : थंडीत मोटार गरम करण्यासाठी ती गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनही, चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. घरात एकाच वेळी सर्वांना डोकेदुखी व मळमळ होऊ लागली, तर आधी बाहेर पडावे आणि मग तेथल्या ९११ क्रमांकावर मदत मागावी.

आपल्याकडे या कामासाठी वर्षातील दोन दिवस ठरवून टाकावेत. मृग लागण्यापूर्वी कारागिराकडून एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी. पावसाळा संपल्यावर दसऱ्याला गाडी आणि हत्यारे पुसतो, झेंडूचा हार घालतो, तेव्हा चॅनेल झाडून तेल द्यावे. आणि घरातील कोणी ज्येष्ठ "शटर हल्ली जड लागते" असे म्हणाले, तर त्यांना वयाची आठवण करून देण्याआधी ते शटर एकदा स्वतः उचलून पाहावे.